मुसीकाठचे न्यायमंदिर आणि फिर्यादीची भाषा



मी जन्मभर मराठी भाषा आणि साहित्य शिकवले. स्थापत्य हा माझा अभ्यासविषय नव्हे आणि कायदा तर मुळीच नव्हे. असे असूनही आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी एका न्यायालयाची इमारत निवडली आहे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आदिलाबाद जिल्ह्यात राहून मराठी जपणाऱ्या माणसाला इमारतीचा विचार भाषेपासून फार काळ वेगळा ठेवता येत नाही. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी तेलुगू, मराठी, गोंडी, उर्दू आणि बंजारा बोली यांच्या संगमावर मराठी शाळा चालवली. 'आपले म्हणणे आपल्या शब्दांत मांडता येणे' हेच शिक्षणाचे पहिले प्रयोजन, अशी त्यांची धारणा होती. न्यायालयाच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसालाही नेमके हेच हवे असते. म्हणून हैदराबादेतील मुसी नदीच्या दक्षिण तीरावर उभ्या असलेल्या उच्च न्यायालयाच्या वास्तूचा इतिहास आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे, आणि त्या वास्तूने आपल्या भागातील फिर्यादीला कोणत्या भाषेत उत्तर दिले, हा प्रश्नही विचारणार आहे.

पूर आणि पायाभरणी

या वास्तूची कथा एका महासंकटापासून सुरू होते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या पुराने हैदराबाद शहराचा मोठा भाग धुऊन नेला. अंदाजे पंधरा हजार माणसे त्यात दगावली असे सांगितले जाते. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने पुढील वर्षी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. नदीला शहराबाहेरच आवर घालावा, वरच्या अंगाला धरणे बांधावीत आणि शहरातील नदीकाठ नव्याने रचावा, असा त्यांच्या योजनेचा गाभा होता. मुसीवरील उस्मानसागर १९२० साली आणि इसी नदीवरील हिमायतसागर १९२७ साली पुरा झाला.

१९११ साली सातवे निजाम मीर उस्मान अली खान गादीवर आले. त्यांच्या काळात नगरसुधारणेचे काम हाती घेतले गेले आणि पुराने उजाड केलेल्या दोन्ही तीरांवर सार्वजनिक वास्तूंची एक मालिका उभी राहिली. दक्षिण तीरावर उच्च न्यायालय आणि सिटी हायस्कूल, तर उत्तर तीरावर उस्मानिया रुग्णालय व पुढे आसफिया ग्रंथालय. न्याय, विद्या, आरोग्य आणि ग्रंथ ही राज्याची चार कर्तव्ये एका नदीच्या दोन काठांवर मांडण्यामागे निश्चित दृष्टी होती, हे मान्य केले पाहिजे. ज्या पाण्याने घरे बुडवली त्याच पाण्याकाठी राज्याने आपला शब्द दगडात लिहून दिला.

न्यायालयाचे बांधकाम १५ एप्रिल १९१५ रोजी सुरू झाले आणि ३१ मार्च १९१९ रोजी पूर्ण झाले. पाया खोदताना कुतुबशाही काळातील हिना महल व नदी महल या राजवाड्यांचे अवशेष सापडले. म्हणजे जेथे एकेकाळी राजाचे निवासस्थान होते तेथे आता प्रजेच्या दाव्यांचे स्थान झाले. २० एप्रिल १९२० रोजी निजामांच्या हस्ते उद्घाटन झाले. त्या प्रसंगी त्यांना या वास्तूची चांदीची प्रतिकृती आणि चांदीची किल्ली अर्पण करण्यात आली. ही प्रतिकृती पुरानी हवेलीतील निजाम संग्रहालयात ठेवलेली आहे.

दगडाची भाषा

या इमारतीचा आराखडा जयपूरच्या शंकरलाल यांनी तयार केला. तो प्रत्यक्षात उतरवणारे अभियंते मेहेर अली फाजिल हे स्थानिक, आणि कामाचे प्रमुख होते व्हिन्सेंट एश हे इंग्रज वास्तुविशारद. एश यांनी त्यापूर्वी कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया स्मारकाच्या बांधकामावर देखरेख केली होती. हैदराबादेत काचीगुडा रेल्वे स्थानकासारख्या आणखी काही वास्तू त्यांच्या नावावर आहेत. राजस्थानी आराखडा, दख्खनी अभियंता आणि विलायती प्रमुख असा हा मेळ होता. ज्या शैलीला इंडो-सारसेनिक म्हणतात ती शैलीही अशीच मेळ घालून घडलेली आहे. आतली रचना आधुनिक कचेरीची, म्हणजे दालने, दप्तरखाने, लांबलचक ओसऱ्या. आणि बाहेरचा साज मोगल, राजपूत व दख्खनी परंपरांतून घेतलेला. टोकदार उंच कमानी, नक्षीदार जाळ्या, पुढे आलेले छज्जे, छत्र्या आणि या सर्वांवर घुमट.

दोन प्रकारच्या दगडांचा वापर हे या वास्तूचे सर्वांत लक्षात राहणारे वैशिष्ट्य होय. भिंतींसाठी फिकट गुलाबी झाक असलेला ग्रॅनाइट वापरला आहे. हैदराबाद शहरच मुळी ग्रॅनाइटच्या खडकावर वसलेले आहे, त्यामुळे हा दगड तेथे हाताशी होता. तो भार पेलतो, ऊनपावसाला जुमानत नाही. परंतु इतका कठीण की बारीक नक्षीला सहजी वश होत नाही. म्हणून नक्षीकामासाठी लाल वालुकाश्म घेतला. तो मऊ, छिन्नीचे ऐकणारा. ज्याने वजन सोसायचे त्याला सोसू दिले आणि ज्याने बोलायचे त्याला बोलू दिले. उत्तम गद्यातही असेच असते. विधानाचा भार क्रियापदाने घ्यावा, विशेषणांनी शोभेपुरते यावे. भाषेच्या अध्यापकाला या भिंतींपुढे उभे राहिल्यावर असे काही सुचले तर श्रोत्यांनी क्षमा करावी.

अशा वास्तूकडे पाहणाऱ्याच्या मनात दोन भावना उभ्या राहतात. उंच कमानीखालून जाताना माणूस स्वतःला लहान वाटून घेतो, आणि राज्यकर्त्याला ते हवेही असते. दुसरी भावना आश्वासनाची. एवढे मोठे घर आपल्या गाऱ्हाण्यासाठी उभारले आहे, म्हणजे आपले गाऱ्हाणे क्षुल्लक नाही. या दोहोंपैकी कोणती भावना टिकायची हे मात्र आत गेल्यावर जे शब्द कानी पडतात त्यांवर अवलंबून असते.

मुंबईची तुलना

येथे मराठी जगातील दुसऱ्या एका न्यायवास्तूची आठवण होणे साहजिक आहे. मुंबई उच्च न्यायालयाची स्थापना १८६२ सालची, आणि आजची इमारत कर्नल जेम्स फुलर यांच्या आराखड्याप्रमाणे १८७१ ते १८७८ या काळात बांधली गेली. लांबी ५६२ फूट, रुंदी १८७ फूट. मंजूर खर्च १६,४७,१९६ रुपये होता आणि प्रत्यक्षात १६,४४,५२८ रुपये लागले. सरकारी काम अंदाजापेक्षा कमी खर्चात झाल्याचे हे उदाहरण आजही कौतुकाने सांगितले जाते. ती वास्तू गॉथिक शैलीची, आपल्याकडील काळ्या दगडाची, अष्टकोनी मनोऱ्यांची. वर न्याय आणि दया यांचे पुतळे. मुंबईच्या इंग्रज राज्यकर्त्याने आपल्या मायदेशाची शैली समुद्राकाठी आणून ठेवली. हैदराबादच्या दरबाराने हिंदुस्थानातील शैली निवडल्या. दृष्टीला हा फरक मोठा वाटतो. फिर्यादीच्या दृष्टीने तो किती मोठा होता, हे मात्र पाहावे लागेल.

मुसीला पूर आला त्याच वर्षी, दोन महिने आधी, २२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या त्या गॉथिक वास्तूत लोकमान्य टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यापुढील त्या खटल्यात नऊ ज्यूरी होते. सात युरोपियन आणि दोन पारशी. निर्णय सात विरुद्ध दोन असा झाला. खटला ज्या 'केसरी'तील लेखांवर होता ते लेख मराठी, आणि ज्यूरीपुढे होती त्यांची इंग्रजी भाषांतरे. भाषांतरे सदोष आहेत, मूळ शब्दांचा रोख त्यांत राहिलेला नाही, हा टिळकांच्या बचावातील एक महत्त्वाचा मुद्दा होता. मराठी न जाणणाऱ्यांनी मराठी लेखांतील राजद्रोह ठरवावा, हे कसे, असा तो प्रश्न होता. १९५६ साली त्याच दालनात मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते टिळकांच्या उद्गारांचा फलक लावला गेला. ती भरपाई थोर होती. पण अठ्ठेचाळीस वर्षांनी झाली. टिळकांसारखा कायद्याचा पदवीधर आणि इंग्रजीचा जाणकार पुरुष जेथे भाषांतराच्या भिंतीपाशी अडतो, तेथे सामान्य कुणब्याची काय कथा?

उर्दूचे दार

आता पुन्हा मुसीच्या काठी येऊ. पहिल्या सालारजंगांनी १८५३ ते १८८३ या आपल्या दिवाणगिरीच्या काळात हैदराबादच्या राज्यकारभाराची घडी बसवली आणि जिल्हे, तालुके व न्यायकचेऱ्या यांची रचना केली. १८८० च्या दशकात दरबारी फारसीची जागा उर्दूने घेतली. फारसीच्या मानाने हे पाऊल पुढचे होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचा मोठा प्रयोग केला, कायद्याचे व शास्त्राचे ग्रंथ उर्दूत आणले. एका देशी भाषेत आधुनिक ज्ञान सामावते, हे तेथे सिद्ध झाले. या कामाचे मोल मराठीच्या अभ्यासकाने तरी कमी लेखू नये. परंतु संस्थानातील जवळजवळ निम्मी प्रजा तेलुगू बोलत होती, सुमारे चौथा हिस्सा मराठी, साधारण आठवा हिस्सा कानडी. आणि उर्दू ही दहांतील एकाची भाषा होती. देशी भाषेचा आग्रह धरणारे राज्य नऊ जणांना त्यांची देशी भाषा नाकारीत होते.

आदिलाबादकडून पाहिले म्हणजे हे अंतर अधिक जाणवते. आपला जिल्हा पूर्वी सिरपूर-तांडूर म्हणून ओळखला जाई. १९०५ साली तो स्वतंत्र जिल्हा झाला, आसिफाबाद हे त्याचे ठाणे होते आणि १९४१ साली ते आदिलाबादला आले. येथून हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर. तेथवर पोचण्यासाठी गावच्या माणसाला आधी बैलगाडी, मग आगगाडी असा प्रवास करावा लागे. पण शेवटचे अंतर न्यायालयाच्या पायऱ्यांपासून न्यायाधीशाच्या आसनापर्यंतचे होते, आणि ते दुभाष्यावाचून पार होत नसे.

गंमत अशी की कायद्याचे शब्द परके नव्हते. अर्ज, दावा, फिर्याद, वकील, कैफियत, जामीन, जप्ती, हुकूम, तारीख, हक्क, वारस हे सारे अरबी-फारसीतून आलेले शब्द मराठी माणसाच्या जिभेवर कित्येक पिढ्या होते. शिवछत्रपतींनी 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला तो अशा शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच; तरीही शब्द टिकले. त्यामुळे न्यायालयात उभ्या असलेल्या आपल्या शेतकऱ्याची अवस्था चमत्कारिक होई. सुटे शब्द ओळखीचे, वाक्य परके आणि लिपी तर साफच परकी. माझ्या आजोबांच्या एका शेताच्या वादाचा उर्दू निकाल आमच्या घरातील लाकडी पेटीत कित्येक वर्षे जपून ठेवलेला होता. तो आजोबांना वाचता आला नाही, वडिलांनाही नाही. दसऱ्याच्या साफसफाईत तो बाहेर निघे आणि हळदीकुंकवाचे बोट लावून परत ठेवला जाई. वकिलाच्या कारकुनाने जे तोंडी सांगितले तेच आमच्या घराने निकाल म्हणून मानले. जे वाचता येत नाही ते पूज्य होते, परंतु आपले होत नाही.

याच्या उलट जुनी मराठी न्यायपद्धती आठवावी. गोतसभा बसे ती देवळाच्या ओसरीवर किंवा पारावर. तिला घुमट नव्हता. निर्णयाचा कागद, म्हणजे महजर, मराठीत, मोडी लिपीत होई आणि ज्यांना लिहिता येत नसे ते आपापली निशाणी काढीत. पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस, न्हाव्याचा आरसा. या पद्धतीचे मला आंधळे कौतुक नाही. तेथे जातीचा क्रम होता, अस्पृश्य मानलेल्यांना आणि स्त्रियांना न्याय सहजी मिळत नसे, दिव्यासारखे क्रूर प्रकार होते. कायद्यापुढे सर्व समान हे तत्त्व आणले ते आधुनिक न्यायालयानेच. हैदराबाद संस्थानाने १९२१-२२ च्या सुमारास न्यायखाते कार्यकारी सत्तेपासून वेगळे केले, हे तर त्या काळी पुष्कळ ठिकाणी झालेले नव्हते. मात्र महजरावर निशाणी काढणाऱ्याला आपण कशावर निशाणी काढतो आहोत ते कळत असे. नव्या वास्तूत समता आली आणि हे कळणे हरवले.

सर्वांत मोठी किंमत मोजली ती गोंड आणि कोलाम बांधवांनी. ज्या जमिनी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कसल्या त्यांचे पट्टे कागदावर आले तेव्हा कागद त्यांना वाचता येत नव्हता, आणि ज्यांना वाचता येत होता त्यांच्या नावे जमिनी झाल्या. १८६० साली रामजी गोंड आणि त्यांच्या साथीदारांना निर्मळला वडाच्या झाडावर फाशी दिल्याची आठवण लोक सांगतात. १९४० साली जोडेघाटला कोमरम भीम गोळीला बळी पडले. जल, जंगल आणि जमीन यांचे गाऱ्हाणे ऐकणारे कोणी असते तर बंदुकीची वेळ आली नसती. त्यानंतर निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना या भागात पाठवले. त्यांच्या प्रयत्नाने १९४३ पासून मार्लवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि गोंडी भाषेची वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. आपल्याच लिपीने शेजाऱ्याची भाषा कागदावर आणली, ही गोष्ट या शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावी.

आपलाही हिशेब

येथवर मी जे सांगितले त्यात मराठी माणूस सोसणारा आहे. परंतु इतिहास सोयीपुरता सांगू नये.

या उच्च न्यायालयाशी मराठी माणसाचा संबंध केवळ फिर्यादीचा नव्हता. केशवराव कोरटकर हे परभणी भागातून आलेले नामांकित वकील पुढे या न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९०७ साली हैदराबादेत विवेकवर्धिनी शाळा स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. उर्दूवर प्रभुत्व मिळवून त्यांनी आपल्या भाषेसाठी शाळा उघडली. त्यांचे ऋण मराठवाडा कधी विसरणार नाही. त्याच विवेकवर्धिनीच्या सभागृहात नोव्हेंबर १९२१ मध्ये सामाजिक सुधारणा परिषद भरली. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. इंग्रजी, उर्दू आणि मराठी भाषणे झाली. मग आलमपल्ली व्यंकटराम राव हे वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले, आणि श्रोत्यांनी गोंगाट करून त्यांना बोलू दिले नाही. गोंगाट करणाऱ्यांत मराठी मंडळी पुढे होती. ज्या राज्यात निम्मे लोक तेलुगू बोलत, त्या राज्याच्या राजधानीत तेलुगू भाषणाची टर उडवली गेली. त्याच रात्री काही तेलुगू तरुण एकत्र आले आणि आंध्र जनसंघाची स्थापना झाली. माडपाटी हनुमंतराव आणि बुरगुल रामकृष्णराव यांच्यासारखे पुढारी या चळवळीने दिले. यांतील बुरगुल हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले, हैदराबाद उच्च न्यायालयातील वकील आणि १९५२ साली हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले.

न्यायालयात ज्यांना आपल्या भाषेत बोलता येत नव्हते त्यांनीच सभागृहात दुसऱ्याला त्याच्या भाषेत बोलू दिले नाही. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारा ऋषितुल्य पुरुष अध्यक्षस्थानी असताना हे घडले. ही घटना मी मुद्दाम येथे, तेलंगणाच्या भूमीत मराठी शाळा चालवणाऱ्या समाजापुढे सांगतो आहे. आपण आज येथे अल्पसंख्य आहोत. आपल्या मुलांना मराठी पाठ्यपुस्तके वेळेवर मिळावीत, मराठी शिक्षक मिळावेत, ही मागणी आपण करतो आणि ती रास्त आहे. परंतु मागणी करणाऱ्याच्या अंगी १९२१ च्या त्या संध्याकाळची आठवण असावी.

एका घराच्या तीन वाटा

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. न्यायालयातून उर्दू हळूहळू गेली; तिच्या जागी तेलुगू, मराठी वा कानडी आली नाही, इंग्रजी आली. दहांतल्या एकाची भाषा गेली आणि शंभरांतल्या एखाद्याची आली. १९५६ साली भाषावार राज्यरचना झाली. नोव्हेंबरमध्ये आंध्र प्रदेशाचे उच्च न्यायालय मुसीकाठच्या या वास्तूत नांदू लागले. आपल्या जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा हे भाग मराठी मुलखात गेले, तर नांदेडकडील मुधोळ आणि भैंसा इकडे आले.

पूर्वी ज्यांचे अपील एकाच घुमटाखाली चालत असे, त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. किनवटकराला प्रथम मुंबई गाठावी लागली. १९८१ साली औरंगाबादला खंडपीठ झाल्यावर त्याची पायपीट कमी झाली. आता चंद्रपूर जिल्ह्यात असलेल्या राजुऱ्याचा पक्षकार नागपूरला जातो. आणि भैंशाचा मराठी माणूस हैदराबादला. तिघांची बोली एक, सोयरीक एक, न्यायालये तीन. महाराष्ट्रात १९९८ साली कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरली, परंतु राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमान्वये उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजीच राहिली. म्हणजे भाषावार प्रांत झाले तरी वरच्या न्यायालयाच्या दारात भाषा पायताणासारखी बाहेरच ठेवावी लागते.

तरीही काळ थांबलेला नाही. २ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य झाले, आणि १ जानेवारी २०१९ पासून या वास्तूत तेलंगणाचे स्वतंत्र उच्च न्यायालय भरू लागले. जून २०२३ मध्ये याच न्यायालयाने जमिनीच्या एका वादातील निकाल तेलुगूत दिला. वास्तू बांधून पुरी झाल्याला तेव्हा शंभराहून अधिक वर्षे झाली होती. तो निकाल घेऊन घरी जाणाऱ्या पक्षकाराला तो वाचता आला असेल, या कल्पनेने मला माझ्या आजोबांची पेटी आठवली, आणि तेलुगू ही माझी मातृभाषा नसतानाही आनंद झाला.

रिकामी होणारी वास्तू

आता या वास्तूच्या आयुष्यात नवे वळण आले आहे. जुनी जागा अपुरी पडू लागली. २००९ साली लागलेल्या आगीत ग्रंथालयाचे नुकसान झाले. २७ मार्च २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या हस्ते राजेंद्रनगर भागात नव्या उच्च न्यायालयाची पायाभरणी झाली. त्यासाठी शंभर एकर जागा देण्यात आली; ती कृषी व उद्यानविद्या विद्यापीठांची असल्यामुळे विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी विरोधही केला. नवी इमारत सोयीची व प्रशस्त असेल. प्रश्न उरतो तो जुन्या वास्तूचा. नदीच्या पलीकडच्या तीरावर पाहिले म्हणजे काळजी वाटते. उस्मानिया रुग्णालयाची तशीच देखणी जुनी इमारत दुरुस्तीअभावी जर्जर झाली आणि २०२० साली पावसाचे पाणी शिरल्यानंतर ती रिकामी करावी लागली. वापर थांबला की दगडी वास्तूही लवकर म्हातारी होते.

माझी विनंती एवढीच की ही वास्तू राखताना केवळ कमानी आणि घुमट राखू नयेत. तेथे या राज्याच्या न्यायाचा इतिहास मांडला जावा आणि तो तेथे आलेल्या माणसांच्या भाषांतून मांडला जावा. मोडीतील महजर, उर्दूतील निकाल, इंग्रजी निवाडे, तेलुगूतील तो २०२३ चा निकाल. आणि ज्या गोंडी भाषेत अद्याप एकही निकाल नाही, तिच्यासाठी एक रिकामी चौकट. गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेत सुमारे तीस लाख होते, तरी आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. ती रिकामी चौकट शंभर भाषणांपेक्षा अधिक बोलेल.

हे सरकारच्या हातचे झाले. आपल्या हातचेही काही आहे. या जिल्ह्यातील कित्येक मराठी घरांत अजून उर्दू आणि मोडी कागद पडून आहेत. माजी विद्यार्थ्यांनी ते शोधावेत, जाणत्यांकडून वाचून घ्यावेत. हैदराबादच्या राज्य अभिलेखागाराला प्रती द्याव्यात. मी आजोबांचा कागद निवृत्तीनंतर एका उर्दूच्या अध्यापकमित्राकडून वाचून घेतला. आजोबा दावा जिंकले होते, पण अर्धाच. उरलेल्या अर्ध्यासाठी ठरावीक मुदतीत पुन्हा अर्ज करण्याची मुभा निकालात स्पष्ट लिहिलेली होती. ती आमच्या घरात कोणालाच कळली नव्हती. अन्याय न्यायाधीशाने केला नव्हता. तो न वाचल्या गेलेल्या चार ओळींनी झाला.

आणि दुसरे काम या शाळेचे. येथून बाहेर पडणारा विद्यार्थी मराठीत निष्णात असावा, तेलुगूत वाकबगार असावा, इंग्रजीला भिणारा नसावा, आणि शेजारच्या गुड्यातील गोंड आजोबांचा अर्ज वाचून त्यांना त्यांच्या शब्दांत समजावून सांगण्याइतकी गोंडीही त्याला यावी. राज्यघटनेचे ३५० वे कलम प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क देते. परंतु मांडलेले समजून घेणारा माणूस कलमाने तयार होत नाही, तो शाळेत तयार होतो. न्यायाच्या घराला दगडी कमान लागते, तसा इमानी दुभाषीही लागतो. पहिली मुसीच्या काठी शंभर वर्षांपूर्वी उभी राहिली. दुसरा घडवण्याचे काम ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो त्यांनी आरंभले होते, आणि ते आपण पुढे चालवायचे आहे.